रिटायरमेंटच्या आधीच गिटार

आमच्या बँकेत साठ पूर्ण झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिटायर करतात. माझी ती तारीख पुढच्या वर्षी आहे, त्यामुळे सध्या ब्रँचमध्ये कुणीही भेटलं की दोनच प्रश्न, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) किती घेणार आणि नंतर काय करणार. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, एक तृतीयांश, बहुतेक सगळे घेतात तेवढंच. दुसऱ्याला मी सांगते की गिटार वाजवणार, म्हणजे नंतर कशाला, आत्ताच वाजवतेय, रोज सकाळी ऑफिसच्या आधी. मग हमखास ऐकायला मिळतं की अहो मॅडम आता कशाला धावपळ, रिटायर झाल्यावर निवांत करा की.

हेच मला अजिबात पटत नाही आणि त्यासाठीच हे लिहायला बसलेय. आमच्याच एका सिनिअर साहेबांनी रिटायर झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात हौसेने पेटी आणली, वेळच वेळ होता म्हणून सकाळी तीन तास संध्याकाळी दोन तास असे बसले, पंधरवड्यात मान आणि पाठ अशी धरली की डॉक्टरांनी बसणंच बंद केलं, आणि ती पेटी आता कपाटावर आहे. वाद्याला लागतं ते रोजचं थोडं थोडं. बोटांच्या टोकांची कातडी घट्ट व्हायला काही आठवडे जातात, आणि ती एकदम चार तास वाजवून होत नाही, उलट सोलवटून निघते. कंडराही (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) तशाच, त्यांना नव्या कामाची सवय हळूहळू लागते, आणि या वयात एकदा दुखावल्या की बऱ्या व्हायला महिने घेतात. नोकरी असताना तसाही वीस मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही, आणि सुरुवातीला बोटांना तेवढंच झेपतं. शिवाय धावपळीच्या दिवसांत जी सवय लागते ती टिकते हा माझा अनुभव आहे, मोकळ्या दिवसांतली सवय पाहुणे आले की मोडते.

मी वाढले भुसावळला, रेल्वे कॉलनीत. हावड्याहून मुंबईला येणाऱ्या दोन्ही लाइनी, एक नागपूरवरून आणि एक अलाहाबादवरून, भुसावळला एकत्र येतात, त्यामुळे कॉलनीत बंगाली, मद्रासी, अँग्लो-इंडियन, गोव्याचे सगळेच होते. आमच्या मागच्या लाइनीत गोव्याचे एक अंकल राहायचे, लोको शेडला होते आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. १९८३ ला माझी दहावी झाली आणि त्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण त्यांच्याकडे शिकायला जायला लागलो. मुलीने गिटार शिकायची म्हणजे आमच्याकडे तेव्हा जरा बातमीच होती, आईने विचारलं पेटी का नाही शिकत, पण बाबा म्हणाले शिकू दे गं, आणि त्यांचे एक स्नेही कलकत्त्याला जाणार होते त्यांना पैसे दिले. कलकत्त्यात लालबाजारला वाद्यांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे, तिथून ती गिटार ब्रेकच्या डब्यात पोत्यात गुंडाळून आली. तपकिरी, कडेला काळी, आणि तारा मागच्या टोकाला एका पत्र्याच्या टेलपीसमध्ये अडकवलेल्या, तेव्हाच्या बऱ्याच देशी गिटारी अशाच असायच्या.

अंकलचं एकच ठरलेलं, "पहले ट्यूनिंग, बाद में गाना." अर्धा तास क्लास असला तर त्यातली दहा मिनिटं तारा लावण्यातच जायची आणि ते मदत करायचे नाहीत. मग बी.कॉम., बँकेची परीक्षा, पहिलं पोस्टिंग शहाद्याला, नंतर धुळं, लग्न, नाशिक, मुलं, सासूबाईंचं आजारपण, प्रमोशन. गिटार भुसावळच्या माळ्यावर जुन्या नऊवारीत गुंडाळलेली होती. ते घर आवरायला घेतलं तेव्हा ती नाशिकला आली.

आता मुद्द्याचं. माझ्यासारखं कुणी इतक्या वर्षांनी परत गिटार हातात घेणार असेल तर पहिलं काम म्हणजे ती दुरुस्तीवाल्याकडे नेणं. वाजवून बघायचीच नाही आधी, कारण ती वाजणार नाही आणि आपल्याला वाटणार की हातच गेला. मी मेनरोडच्या मागे एक मुलगा वाद्यं दुरुस्त करतो त्याच्याकडे नेली. त्याने गिटार डोळ्यासमोर आडवी धरून नेकवरून, म्हणजे तिच्या लांब मानेवरून, नजर टाकली, मग स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार किती उंच आहे ते मोजलं. पाच मिलिमीटर. नीट गिटारला ती दोन ते अडीचच्या आसपास असावी लागते. म्हणाला, "काकू, ह्या हाइटवर माझ्याच्यानं पण एफ लागत नाही." एफ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची मांडणी, नवशिक्याला फार जड जाते, त्यामुळे एवढं ऐकून मला जो धीर आला तो मी सांगू शकत नाही.

कारण साधं आहे. गिटारच्या सहा तारा कायम नेकला ओढत असतात. बाराचा सेट म्हणजे ज्यात सगळ्यात बारीक तार इंचाचा बारा हजारावा भाग जाड असते, तो पूर्ण सुरात लावला की सगळ्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो. हा ताण वर्षानुवर्षं तसाच राहिला की नेक पुढे वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. नव्या गिटारीत नेकच्या आत ट्रस रॉड (लोखंडी सळई) असतो, ॲलन कीने फिरवून वाक काढता येतो, माझ्या जुन्या गिटारीत फिरवता येईल असा रॉडच नाही. म्हणून त्याने ब्रिजच्या, म्हणजे खालच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या, दोन्ही चाक्या फिरवून ब्रिज जेवढा खाली येईल तेवढा आणला, आणि वरच्या टोकाला जो नट, म्हणजे तारांच्या खाचांची पट्टी, असतो त्याच्या खाचा बारीक कानशीने उतरवल्या. ही नटची गोष्ट फार कुणी सांगत नाही. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट राहते बघायची, कागद जेमतेम जाईल एवढीच पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचं सगळंच जड जातं, आणि एफ नेमका तिथेच आहे. शेवटी त्याने दहाचा सेट चढवला. त्याचा ताण साठ किलोच्या आसपास येतो. शिवाय सुरुवातीचे काही महिने सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून लावल्या तर अजून अकरा टक्के ताण कमी होतो, मी तसंच केलं, आणि ज्यांची बोटं सकाळी आखडतात त्यांनी तर नक्की करावं.

एफबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोक गिटार ठेवून देतात, सोळाव्या वर्षीही आणि साठाव्या वर्षीही. एफ म्हणजे पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर सहाच्या सहा तारा दाबायच्या असं सांगतात आणि आपण जीव खाऊन दाबतो, अंगठ्याच्या मुळापर्यंत कळ येते. पण नीट बघा. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळीने दाबलेली असते, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाने. म्हणजे पहिल्या बोटाला खरं काम तीनच तारांचं आहे, सहावी, दुसरी आणि पहिली. बोटाचा मधला भाग मऊ पडला तरी चालतो. हे लक्षात आलं की बोट थोडं कुशीवर वळवायचं, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाळ कडेवर, आणि कोपर अंगाजवळ आणायचं म्हणजे ओढ हाताच्या वजनाने बसते, अंगठ्याने चिमटा काढावा लागत नाही. अंगठ्याच्या मुळाचा सांधा आमच्या वयाच्या बायकांचा फार दुखतो, पोळ्या लाटून, कपडे पिळून, बँकेत नोटांची बंडलं हाताळून त्याची आधीच झीज झालेली असते, त्याला जपलंच पाहिजे. मी सकाळी आधी कोमट पाण्यात हात धरते, मग वाजवते. दुखलं की त्या दिवशी बंद. बोटांच्या टोकांची चुरचुर चालते, सांध्यातली किंवा मनगटातली कळ चालत नाही, हा फरक ओळखता आला पाहिजे.

खांद्याचं एक राहिलं. मला मागे फ्रोजन शोल्डर होऊन गेलाय, चाळिशी ते साठीत बऱ्याच जणींना होतो. जुनी गिटार अंगाने मोठी आहे, तिच्यावरून उजवा हात टाकला की खांदा वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात भरून येतो. म्हणून काही महिन्यांनी मी लहान अंगाची नवी घेतली, दहा हजाराच्या आत-बाहेर. दुकानात सगळे ४१ इंची पुढे करतात कारण आवाज मोठा येतो. आपल्याला घरात वाजवायची आहे, मोठ्या आवाजाचं काय करायचंय. मांडीवर घेऊन बसायचं, खांदा सैल राहतो का बघायचा आणि मगच किंमत विचारायची. आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तोही घालून बसून बघा, समोरचा कागद एका भागातून आणि गिटारची मान दुसऱ्या भागातून बघताना मान सारखी खालीवर होते. मी कॉर्ड मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला डोळ्याच्या उंचीवर लावते आणि हाताकडे बघायचंच नाही असं ठरवलंय. नेकच्या कडेला तीन, पाच, सात, नऊ, बारा या फ्रेटवर ठिपके असतात, तेवढ्या खुणा पुरतात.

इथपर्यंत सगळं शरीराचं झालं, आणि शरीर सोळा वर्षांचं नाही हे खरंच आहे. पण एक गोष्ट अशी मिळाली जी सोळाव्या वर्षी नव्हती, ती म्हणजे कान. मधल्या सगळ्या वर्षांत गिटार नव्हती पण ऐकणं चालूच होतं, रेडिओ, कॅसेट, आमच्या ह्यांच्यामुळे सवाई गंधर्वला जाणं, सासूबाई भजनी मंडळात होत्या त्यांची रोजची पेटी आणि तंबोरा. तर गिटार ट्यूनरवर अगदी चोख लावली, सगळे दिवे हिरवे, आणि ई मेजर वाजवला तर मला त्यातला गंधार टोचायला लागला. चढा वाटायचा. मग तिसरी तार जरा उतरवून ई गोड करायचा, की जी मेजर बेसूर. परत ट्यूनर, परत तेच.

दुरुस्तीवाल्या पोराला विचारलं तर म्हणाला काकू तुमचं बरोबर ऐकू येतंय. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, एकेक भाग शंभर सेंटचा, म्हणजे षड्जापासून शुद्ध गंधार चारशे सेंटवर. आणि तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ वर असतो. हा चौदा सेंटचा फरक पेटीतही आहे, आपल्याकडे पेटीवरून वाद झाला आणि १९४० ला आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली ती अनेक वर्षं राहिली, त्यात हा सुराचा मुद्दा होताच. सोळाव्या वर्षी मला हा फरक कधी जाणवला नाही. आता जाणवतो, आणि खरं सांगते, ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की ऑफिसला बस चुकली तरी काही वाटलं नाही. इतकी वर्षं फुकट गेली नव्हती, शिकणं चालूच होतं, फक्त बोटांचं बंद होतं.

मग त्याचाच एक भाग म्हणून ती जुनी गिटार परत कामाला आली. तिची वाकलेली नेक आणि उंच तारा हा स्पॅनिश, म्हणजे बोटांनी तारा दाबून वाजवायच्या नेहमीच्या गिटारला दोष आहे पण हवाइयन गिटारला उंच ताराच तर पाहिजेत. आमच्या लहानपणी घरात गिटार म्हणजे बऱ्याचदा हवाइयनच, मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातात स्टीलचा रॉड धरून वाजवायची, विविध भारतीवर कार्यक्रम संपून दोन मिनिटं उरली की तिच्यावर सिनेमाच्या गाण्याची धून लावायचे. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवून ती मैफलीत नेली, १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरची त्यांची जी रेकॉर्ड आली ती आमच्याकडे पुढे कॅसेटवर होती. या गिटारीत तार फ्रेटला टेकतच नाही, रॉड जिथे थांबेल तिथे सूर. म्हणजे गंधार ३८६ वर ठेवायचा तर ठेवता येतो, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही निघते जी स्पॅनिशवर फ्रेटमुळे अडते. पोराने ब्रिज परत वर चढवून दिला, नटवर एक उंच पट्टी बसवली, आणि मी तारा रे ला मिळवून घेतल्या, डी ए डी एफ शार्प ए डी. रॉड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरायचा, बोटासारखा मागे नाही, आणि रॉडच्या मागे उरलेली बोटं तारांवर हलकी टेकवून ठेवायची नाहीतर खणखण आवाज येतो. सध्या यमनचा आरोह-अवरोह आणि निषादावरून षड्जावर येणं एवढंच चाललंय. बाबांनी घेतलेली वस्तू वाजतेय याचं मला फार आहे.

गाण्यासाठी मात्र नवी गिटार. शनिवारी आम्ही चौघीजणी जमतो, दोघी भजनी मंडळातल्या आणि एक माझी ब्रँचमधली मैत्रीण जी मागच्या वर्षी रिटायर झाली. आवाज सगळ्यांचेच उतरलेत. मी कॉलेजात काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) गायचे, आता पांढरी चारच्या वर त्रास होतो. इथे कापोसारखी सोय नाही, तो नेकवर लावायचा चिमटा असतो, सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून सूर वर नेतो. आपल्या पट्ट्या आणि कापो यांचा मेळ मी एकदा बसून लिहून काढला. सी चा आकार धरून पहिल्या फ्रेटवर कापो म्हणजे काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, पाचव्यावर पांढरी चार. डी चा आकार धरला तर पांढरी चारला तिसऱ्यावर, काळी तीनला चौथ्यावर. जी धरून पहिल्यावर लावला की काळी चार. म्हणजे एफचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) न धरता पांढरी चार सहज गाता येते, आणि पेटीवाल्या ताईंना "सी शार्प" वगैरे सांगावं लागत नाही.

आणि ताल. यूट्यूबवर जे पिकिंगचे प्रकार शिकवतात ते मी महिनाभर नुसते यंत्रासारखे घोकत होते, मग एकदा तबल्याच्या ॲपवर दादरा लावून बसले आणि लक्षात आलं की अंगठा, पहिलं, मधलं, अनामिका, मधलं, पहिलं हे बरोबर सहा होतात. धा धी ना, धा ती ना. अंगठ्याने खर्जाची तार वाजते ती समेवर म्हणजे पहिल्या मात्रेला, आणि अनामिका बारीक तारेवर पडते ती नेमकी चौथ्या मात्रेला, म्हणजे खालीच्या (तालातल्या हलक्या) मात्रेवर. समेला जड, खालीला हलकं, आपोआप. केरव्यालाही अंगठा, पहिलं, मधलं, पहिलं, अनामिका, पहिलं, मधलं, पहिलं असं घेतलं तर पाचव्या मात्रेला परत अनामिका, तीही खालीच. तेव्हापासून मोजणं सुटलं, बोल म्हणत वाजवलं की हात बरोबर पडतो.

ह्यांनी परवा विचारलं, रिटायर झाल्यावर वीस मिनिटांचे दोन तास करणार का. मी म्हटलं नाही, वीस मिनिटं सकाळी तशीच आणि वीस मिनिटं दुपारी हवाइयनला, मध्ये हाताला विश्रांती. सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ आम्हाला मिळालीय, तीन गाणी ठरलीत, दोन पांढरी चारमध्ये दादऱ्यात आणि एक काळी तीनमध्ये केरवा, आणि दुसऱ्या गाण्यानंतर कापो तिसऱ्यावरून चौथ्यावर नेऊन तारा परत तपासायला मला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्या वेळात पेटीवाल्या ताई काळी तीनचा सूर धरून ठेवणार आहेत.